चौदा नंबरचं हेल्मेट

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली आहे. तिथल्या संगणकाची देखभाल माझ्याकडे. तो इतका म्हातारा, की त्याला पेलेल असं हलकं लिनक्सच त्यावर घालावं लागलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये छोटा ट्रान्समीटर असतो. त्याचा सिग्नल आमचा वायफाय अडॅप्टर पकडतो आणि पडद्यावर हेल्मेटच्या नंबरापुढे एक आकडा येतो. नव्वदच्या घरात असला तर माणूस लांब. वीस म्हणजे हाताच्या अंतरावर.

त्या सकाळी छत कोसळलं. आत एकटा माझा दादा, हेल्मेट चौदा. आणि नेमका अडॅप्टर मुका.

मुकादम दारात उभे राहिले. "दोनपर्यंत सिग्नल दाखव. नाहीतर यंत्रं पलीकडच्या तोंडाला नेतो. तो कुठल्या अंगाला आहे ते तुझ्या या डबड्यालाच ठाऊक."

वहिनी कोपऱ्यात स्टुलावर होत्या. दादा डबा विसरला म्हणून द्यायला आल्या, तेव्हा त्यांना कळलं. डबा अजून मांडीवरच होता.

"भाऊजी, जमेल ना?"

"जमतंय."

"हे म्हणतात, धाकट्याच्या हातात वस्तू आधी बिघडते, मग सुधारते."

एरवी मी हसलो असतो.

अडॅप्टर यूएसबीवर दिसत होता, म्हणजे धुगधुगी होती. कालच्या अपडेटमध्ये फर्मवेअरची फाइल उडाली होती, ती पेनड्राइव्हवरून परत घातली. ड्रायव्हर उतरवला, पुन्हा चढवला. नाही. वायरलेस बंद करून ठेवलेलं निघालं, ते उघडलं. तरी नाही. शेवटी वीज वाचवायची सोय काढून टाकली. तिच्यापायी हे अडॅप्टर झोपी जातात. देवा, तू पाषाणाला पाझर फोडतोस, मी म्हटलं, हा तर प्लॅस्टिकचा तुकडा.

दोनला दहा कमी.

चौदा. अठ्ठ्याऐंशी.

वहिनींनी तोंडावर हात धरला. मुकादम बाहेर धावले. "इथंच खणा!"

सव्वादोनला बहात्तर.

"जवळ येतायत," वहिनी म्हणाल्या.

मुकादम परत आले होते. ते पडद्याकडे बघतच राहिले. "मधे डोंगर आहे. चालत येईल कुठून?"

एकसष्ट.

यंत्राचीच चूक असणार. मी अडॅप्टर उपसला. मुठीत तो कोमट लागत होता.

चौदा. सत्तेचाळीस.

मी मूठ उघडून पाहिली. अडॅप्टर तिथंच होता.

बाहेरून मुकादमांना हाक आली. ते गेले.

अडतीस.

यंत्रं थांबली.

सव्वीस.

मुकादम आले ते हेल्मेट घेऊन. चौदा नंबर. पार चेपलेलं, ट्रान्समीटरचा चुरा झालेला.

"तोंडापासून सहा हातांवरच होता," ते हळूच म्हणाले. "सकाळीच गेला, पोरा. त्याला कळलंही नसेल."

वीस.

वहिनी रडल्या नाहीत. किती वेळ हेल्मेटाकडे पाहत राहिल्या. मग डबा घेऊन उठल्या.

"यांना काढायला वेळ लागेल. तोवर आईंना सांगून येते, भाऊजी. दुसऱ्या कुणी सांगायला नको."

मी उठायला हवं होतं. माझी नजर पडद्यावरून सुटेना.

त्या दारात पोचल्या. तीस.

खिडकीतून फाटक दिसतं. तिथे गेल्या तेव्हा पन्नास.

वहिनी फाटकाबाहेर पडल्या आणि ते तसंच उघडं हाताने धरून थोडा वेळ थांबल्या. मग हलकेच लावून घेतलं.