चौथं नाव

गल्लीची लांबी दोनशे बारा मीटर. घरं चौतीस. दिव्याचे खांब अकरा, त्यांतले चालू चार. गटाराची झाकणं नऊ, फुटलेली दोन. खड्डा एक: लांबी एकशे चाळीस सेंटिमीटर, रुंदी पंच्याण्णव, खोली एकसष्ट. खड्ड्यात पडलेली माणसं: एक.

हे सगळं सोनमनं टेप लावून, दारोदार विचारून वहीत उतरवलं होतं. जयपूरच्या आदर्श नगरमधल्या त्या गल्लीत तिनं प्रत्येक घरी एकच प्रश्न केला, तुमच्याकडचं कोणी खड्ड्यात पडलं का? तेहतीस घरांनी नाही म्हणून सही केली. चौतिसावं घर तिचं स्वतःचं. पडले होते ते तिचे बाबा, भीमराव. सकाळी दूध आणायला गेले, मोतीबिंदूमुळे अंदाज चुकला आणि गुडघ्याला चार टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा पडले तर खुबा जाईल. दूध आणायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. त्यांना घरात कोंडता येत नव्हतं, म्हणजे खड्डा बुजवणं एवढाच उपाय उरत होता.

वॉर्डाच्या ऑफिसात तिनं तीन अर्ज दिले. तिसऱ्या वेळी तिथल्या बाबूनं पहिले दोन अर्ज गठ्ठ्यातून काढून तिलाच परत दिले, सांभाळून ठेवा म्हणाला. मग तिनं हिंदी वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं. विषय, महोदय, मोजमापं, तेहतीस सह्यांचा उल्लेख, भवदीय. छापून आलं नाही. दुसरं पाठवलं, तेही नाही. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती, मालवीय नगरच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. आकडे बरोबर असले की काम होतं, यावर तिचा विश्वास होता. तो घेऊनच ती वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली.

पत्रांचं पान बघणारा माणूस तिच्याच वयाचा होता. त्यानं वही चाळली, कौतुकही केलं. खड्ड्यांची पत्रं रोज तीसेक येतात म्हणाला. मग विचारलं, कोणाला काही झालं का? तिनं चार टाके सांगितले.

"मतलब कुछ हुआ नहीं," तो हसून म्हणाला.

त्या हसण्यानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन चप्पलही न काढता तिनं तिसरं पत्र लिहिलं. मोजमापं तीच ठेवली. फक्त एक वाक्य बदललं: गेल्या महिन्याभरात या खड्ड्यात चार नागरिक पडले, त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

गुरुवारी ते चौकटीत छापून आलं.

बाबांनी पेपर डोळ्यांजवळ धरून ते दोनदा वाचलं. भुसावळपासून जयपूरपर्यंत त्यांची छत्तीस वर्षं रूळ तपासत चालण्यात गेली होती. "चौघं कोण गं? आणि मेलं कोण?"

"तसं लिहिल्याशिवाय छापत नाहीत, बाबा."

"दोन रुळांमधलं अंतर खोटं लिहिलं म्हणून गाडी खोटी पडत नाही, पोरी. खरीच पडते." त्यांनी पेपरची घडी घातली.

शुक्रवारी भाजीच्या गाडीपाशी कलावतीबाई भेटल्या. या गल्लीत आणखी एवढंच एक मराठी घर. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर नवं नव्हतं. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, मनगटाशी हळदीचे डाग होते.

"कधी पडलात, मावशी?"

"कधी म्हणजे? तुझ्या बाबांनंतर चार दिवसांनी, त्याच खड्ड्यात. रिक्षात तूच तर बसवलंस मला." त्या भाजीवाल्याकडे बघून हसल्या. "पत्र लिहून लिहून डोकं गेलं पोरीचं."

सोनमनं घरून वही आणून त्यांच्यासमोर धरली. 'पडल्या नाहीत', आणि खाली त्यांचीच सही, पंधरा दिवसांपूर्वीची. कलावतीबाईंनी ती बराच वेळ पाहिली. अक्षर माझंच आहे, म्हणाल्या, पण हात तर तेव्हा प्लास्टरात होता.

शनिवारी इस्त्रीवाले गोपीनाथजी कुबडीवर दिसले. कुबडीचं रबर एका बाजूनं झिजलं होतं. तेवढं झिजायला निदान तीन आठवडे लागतात, हा हिशेब तिच्या मनानं तिला न विचारताच केला. रविवारी कोपऱ्यावरच्या घरातली प्रणिता गच्चीत केस वाळवत होती. तिच्या कपाळावर टाक्यांची खूण होती, पुरती भरून आलेली, गुलाबी.

तिघांच्याही सह्या वहीत होत्या.

त्या रात्री सोनमनं वजाबाकी केली. पत्रात चार. कलावतीबाई, गोपीनाथजी, प्रणिता, तिघं हिंडतफिरत होते. चौथा माणूस तिनं कल्पनेतून आणलेला नव्हता. चौघांतला खरा पडलेला तेवढा एकच होता.

सोमवारी सकाळीच तिनं वर्तमानपत्राला फोन लावला. आवाज चढवूनच बोलली. पत्रातली माहिती खोटी आहे, मीच खोटी लिहिली, उद्या खुलासा छापा, माझं नाव घालून छापा. पलीकडे तोच होता. तो हसला नाही. त्याचा आवाज इतका मऊ झाला होता की तिला तो सहन होईना.

"हमने ख़ुद पता किया था, मैडम. चारों नाम सही हैं. चौथा नाम..."

तिनं फोन बंद केला.

प्रयोगशाळेतून ती अर्ध्या दिवसानं निघाली. जानेवारीचं ऊन अंगाला लागत नव्हतं. गल्लीत खड्डा तसाच होता. भोवती कोणीतरी विटांचं कुंपण केलं होतं, आणि विटांवर झेंडूचा हार ठेवला होता.

घराचं दार उघडं होतं. ओट्यावर झाकलेला डबा होता. आत पिठलं आणि भाकरी.

"कलावतीबाईंनी आणून दिलं," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, रागानं. "आपल्याकडे कधी आणतात हे, कळत नाही का त्यांना? विचारलं तर नुसता पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. काय वेड लागलंय का गं सगळ्यांना?"

"बाबा कुठायत?"

"आत बसलेत. सकाळपासून."

बाबा खाटेवर खिडकीला टेकून बसले होते. अंगात नुसता सदरा. समोरचा चहा भरलेला, त्यावर साय धरलेली.

"थंडी वाजत नाही?" तिनं विचारलं.

"नाही गं." ते नेहमीसारखेच हसले. "आज काहीच वाटत नाहीये."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. मग सोडला.

कपाटातलं तापमापक लावलं. त्याच्या काचेवर आकडा उमटलाच नाही. तिनं बॅगेतून नमुन्यांचा लांब थर्मामीटर काढला.

"पोरी," बाबा म्हणाले, "जे येईल तेच लिही."

तिनं आधी तो खिडकीपाशी धरला. मग बाबांच्या काखेत ठेवला आणि घड्याळाकडे बघत राहिली.

वहीत तिनं लिहिलं: खोलीचं तापमान साडेतेरा अंश. बाबांचं, पाच मिनिटांनी, साडेतेरा अंश.