दहावा जखमी

कुडव्यात लाईट गेली की पोरं केवलरामकाकांच्या ओट्यावर जमत. काका गोंदियाच्या एका कॉलेजात शिपाई होते. आता घरीच असतात.

"काका, भुताची सांगा," तिलक म्हणाला.

"भुताची नाही येत मले. धनेंद्रची सांगतो. मधात हसाचं नाही."

"हा तिलकच भेव लागलं का हसते," चंचल म्हणाली.

काकांनी बिडी विझवली.

वीस एप्रिल दोन हजार पंधरा, सोमवार. धनेंद्र गाडीवरून कॉलेजात पोचला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. काम साधं होतं. तो एका राईस मिलमध्ये सुरक्षा सुपरवायझर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये मॉक ड्रिल ठेवली होती. आग लागली असं समजून करायचा सराव. मिलकडे स्ट्रेचर नव्हतं. कॉलेजचं स्ट्रेचर वरच्या मजल्यावर, टिनाखालच्या स्टोअररूममध्ये पडलेलं असे.

रात्रपाळीला असलेल्या काकांनी किल्ली पुढं केली.

"तुम्हीच आणून द्या ना, काका."

"माझे गुडघे चढत नाही बापा. तुले काय होते?"

धनेंद्र नुसता किल्लीकडे पाहत राहिला.

तीन वर्षांपूर्वी तो याच कॉलेजात शिकत होता. सुरक्षा व्यवस्थापन आणि आपत्कालीन नियोजन, एका वर्षाचा कोर्स. बिरसीचा पोरगा, गावाजवळच्या विमानतळावर नोकरी लागावी एवढंच त्याच्या मनात होतं. शेवटची परीक्षा म्हणजे मॉक ड्रिल. दहा जण 'जखमी' होऊन इमारतीत ठिकठिकाणी पडून राहणार. धनेंद्रच्या पथकानं त्यांना पंधरा मिनिटांत शोधून कडुलिंबाखाली आणायचं. बाहेर आलेल्यानं वहीत सही करायची.

त्या दिवशी एक विद्यार्थी आला नाही. त्याच्या जागी म्हाताऱ्या बुधरामला घेतलं. नवेगाव बांधकडचा माणूस, कॉलेजात झाडू मारायचा. धनेंद्रनंच त्याला स्टोअररूममध्ये नेऊन निजवलं.

"कोणी येऊन हात धरेपर्यंत उठायचं नाही, बाबा. आवाजही नाही."

"नाही उठत. पण बाबू, तू येशीन ना?"

"येईन ना."

चौदावं मिनिट लागलं तेव्हा नऊ जण बाहेर आले होते. सर घड्याळ पाहत होते. वरचा जिना लांब होता. बुधरामला सही येत नाही, अंगठाच लागतो, हे धनेंद्रला ठाऊक होतं. त्यानं शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि वहीत दहाव्या नावापुढं उठवला. शिट्टी वाजली. उठून येईल आपला आपण, असं त्याला वाटलं. मग फोटो झाले, समोसे झाले...

"संध्याकाळी वरचं कुलूप मीच लावलं," काका म्हणाले. "वहीत दहा बाहेर होते. मंग आत कोण राहणार?"

"तो ओरडला काऊन नाही?" चंचलनं विचारलं.

"त्याले सांगितलं होतं ना, आवाज नाही म्हणून."

सकाळी काकांनीच दार उघडलं. बुधराम पाठीवर सरळ पडला होता, एक हात थोडा वर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते नाही म्हणाले. वहीप्रमाणे तो बाहेर आला होता आणि मग स्वतःच परत वर गेला होता. कोणी काही विचारलं नाही. धनेंद्र काही बोलला नाही. बुधरामची बायको मंगली कॉलेजात आली, तेव्हा तो भिंतीमागं उभा राहिला.

तर, वीस एप्रिलच्या त्या रात्री किल्ली घेऊन तो जिना चढला.

कुलूप काढलं. आत अजून दुपारची धग कोंडलेली होती. मोबाइलच्या उजेडात स्ट्रेचर दिसलं. त्यानं दांडी धरली.

मागून श्वास आला.

तो थांबला. श्वासही थांबला.

"बाबू..."

उजेड विझला.

"आला का?"

धनेंद्र पळाला. जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पळाला. तिथं त्याचे पाय थांबले. खाली काकांचा दिवा दिसत होता. वरून काहीच आवाज नव्हता. ओरडणं नाही, रडणं नाही. वर कोणीतरी अजून सांगितलेलं पाळत होतं.

तो परत वळला.

अंधारात त्यानं हात पुढं केला. कितीतरी वेळ काहीच नाही... मग बोटं. कोरडी, गार.

"चला, बाबा."

पायऱ्या उतरताना हाताला ओझं होतं. मागं वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. एक पायरी. मग मागं एक पाय. एक पायरी... एक पाय.

अंगण. कडुलिंब.

हात रिकामा झाला.

धनेंद्र काकांसमोर येऊन मटकन बसला. "काका, ती वही काढा. तो अंगठा माझा होता. उद्या सरांना सांगतो. मंगलीबाईलाही सांगतो."

काकांनी कपाट उघडलं. ते तीन वर्षं बंद होतं, किल्ली त्यांच्याच करगोट्याला. वहीवर धूळ होती. त्यांनी पान काढलं.

"मंग?" तिलक हळूच म्हणाला.

"दहाव्या नावापुढं दोन अंगठे होते. एक जुना, फिका झालेला." काकांनी अंधारात आपला हात वर केला. "दुसऱ्याले मी बोट लावून पाहिलं..."

कोणी हसलं नाही.

"शाई ओली होती."