सीलबंद पोतं

त्या दुपारी मी घरून निघालो तो एका वाक्याची तालीम करायला. बसा ना. दिवा जरा जवळ घ्या, तुमचा चेहरा दिसू दे. समोर कोण बसलंय याची खात्री झाल्याशिवाय हल्ली मला बोलवत नाही.

मी शाळेची पायरी चढलेलो नाही. अक्षरं शिकलो ती गोदामात, पोत्यांवरची. म्हणून भट्टीच्या नळांना लिंपायची ती पांढरी पावडर माझ्या दुकानात पहिल्यांदा आली, तेव्हा पोत्यावरचा लाल मजकूर मी बोट ठेवून वाचला होता. धूळ छातीत जाऊ देऊ नका. नाक-तोंड झाका. वाचला, आणि पोतं रिकामं केलं. कंपनीचं पोतं जाड, दणकट, रिकामं झालं की त्याला गिऱ्हाईक वेगळं. पावडर आम्ही साध्या गोणीत ओतून द्यायचो. धंद्यात सगळेच तसं करायचे, त्यामुळे त्यात काही वाकडं आहे असं मनातसुद्धा आलं नाही.

ओतताना गोणीचं तोंड धरायचा तो लिंपणकाम करणारा कारागीर. आम्ही त्याला फुंकऱ्या म्हणायचो. कुठेही बसायचं झालं की आधी ‘फू’ करून जागा साफ करायचा.

“अरे, सिंहासन आहे का ते?” मी म्हणायचो.

“शेठ, पँट एकच आहे,” तो हसायचा.

फुप्फुसं दगडासारखी होऊन गेला बिचारा. त्याच्या बायकोने कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं एवढंच, की सूचना प्रत्येक पोत्यावर होती, त्याने वाचली नाही त्याला आम्ही काय करणार? हे शाबीत करायला त्यांना मी हवा होतो. मी म्हणायचं, ‘पोतं सीलबंद आलं, सीलबंद गेलं.’ बस्स. खरं सांगितलं तर माझं दुकान उठणार, नाही सांगितलं तर त्या बाईचा दावा आडवा होणार. ओतताना असायचो आम्ही दोघंच, आणि त्यातला एक तर गेलेला. खोटं कशाला बोलू, मी निवांत होतो.

कंपनीच्या वकिलाची खोली सातव्या मजल्यावर. खिडकी नाही. नव्या सतरंजीचा कोंदट वास, आणि छतातून एसीची एकसुरी घरघर. लांबलचक टेबल. एका टोकाला वकील, कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाई, मधे मी. माझ्या डाव्या हाताला एक खुर्ची, रिकामी.

“शेठ, आयुष्यभर गिऱ्हाइकं पटवलीत,” वकील म्हणाला. “न्यायाधीश त्याहून सोपे. बाई लिहून घेतील, म्हणजे घरी वाचून पाठ होईल. हं... पोतं तुमच्याकडून गेलं तेव्हा कसं होतं?”

“सीलबंद.”

डावीकडे कुणीतरी हलकेच फुंकर मारली.

मग खुर्ची करकरली. माणूस टेकला की करकरते तशी. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

“काय झालं?”

“काही नाही... एसी असेल.”

“पुन्हा सांगा. जरा मोठ्याने.”

“पोतं सीलबंद आलं, सीलबंद गेलं.”

बाईंचे हात थांबले. “साहेब... उत्तर कुणाच्या नावावर लिहू?”

“म्हणजे?”

“नाही, दोघं एकदम बोलले ना...” त्या माझ्या डावीकडे बघत होत्या. मग स्वतःच गोंधळल्या. “जाऊ दे. डोळे थकलेत माझे.”

वकिलाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

“शेठ, चेष्टा चाललीय का? ‘मी ओतलं, तोंड त्यानं धरलं’... हे काय मधेच?”

“मी... असं म्हणालो?”

“आत्ता. दोनदा.”

तिसऱ्यांदा मी ओठांवर बोटं ठेवून बोललो. सी. ल. बं. द. ‘ब’ला ओठ मिटले, ते बोटांना कळलं. माझ्या कानांनी ऐकलं. पण वकिलाने फाइल मिटली. “घरी जा, शेठ. विश्रांती घ्या.” बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यावर ‘मी ओतलं, तोंड त्यानं धरलं’ हेच तीनदा होतं, आणि तिन्ही वेळा माझं नाव.

वकिलाने मला खेळवलं? बाईंना कमी ऐकू येतं? की मलाच? चार रात्री हेच डोक्यात. कंपनीने माझं नाव साक्षीदारांच्या यादीतून काढलं, तेवढ्यावरून फुंकऱ्याच्या बायकोच्या वकिलाला वास लागला आणि त्याने मला साक्षीला बोलावलं. मी विचार केला, काहीही बोललो तरी बाहेर तेच पडणार असेल, तर आपणच बोललेलं काय वाईट! भर सकाळी, भरल्या कोर्टात तीन वाक्यं बोललो. मी पोतं सोडलं. मी ओतलं. गोणीचं तोंड त्यानं धरलं. पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा छाती हलकी होती.

बाहेर पायऱ्यांवर त्याची बायको उभी होती, सोबत तरुण मुलगी. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

“शेठ, ओतल्याचं सांगितलंत, बरं केलंत,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण पुढचं... ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पुढचं? वहिनी, मी तेवढंच...”

“शेवटी हिच्याकडे बघून म्हणालात ना. ‘चिमे, माझे कपडे झटकत जाऊ नकोस.’” तिने मुलीकडे पाहिलं. “लहानपणी ही रोज झटकायची. ते कामावरून आले की दारातच. मी वकिलालासुद्धा हे बोललेली नाही.”

कोर्टातली नक्कल मी नंतर मागवली. चारदा वाचली. त्यात माझी तीनच वाक्यं आहेत.

मुलगी मात्र माझ्या खांद्याकडे एकटक बघत होती. मग सवयीचा हात जावा तसा तिचा हात पुढे आला आणि तिने माझा सदरा झटकला... एकदा, दोनदा. सदरा त्याच सकाळी घडी मोडून घातलेला, कोरा. पण त्या उन्हात काहीतरी पांढरं, बारीक, उडालं.

आईने तिचा हात मागे ओढला. तोवर आम्ही दोघांनीही श्वास घेतला होता.