पेजेतले रुमाल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी थापाड्या आहे हे उभ्या मांडवीला ठाऊक आहे. पण ही गोष्ट भिकाजी जीपवाल्याची, आणि त्याला बायकोशीसुद्धा धड खोटं बोलता येत नसे.

साल १९८६. शिमग्यातला शुक्रवार, अठ्ठावीस मार्च. रात्री नऊला भिकाजी जीप घेऊन रावजीच्या दारात गेला. रावजी त्याचा बालमित्र, मुंबईला गोदीत कामाला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूच्या तळाची गाठ तिथल्या डॉक्टरांनी नाकातून काढली होती. घरी सोडताना बजावलं होतं, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, निजताना डोकं उंच. आणि नाकातून पाणी आलं तर रुमालावर घ्यायचं. वाळून रुमाल कडक झाला तर पडसं. मऊच राहिला तर ते डोक्यातलं पाणी. मग त्याच दिवशी मुंबई गाठायची. आतलं भोक बुजवता येतं, पण वेळेत आलात तर.

पाणी आलं. नळासारखं स्वच्छ. सावित्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, रुमाल वाळवून पाहिले. सगळे कडक! घर निर्धास्त झालं.

"म्हणजे पडसंच ना, काका?"

अरे बाबल्या, तिने ते धुऊन भाताच्या पेजेत बुडवले होते! मुंबईकर नवरा शिमग्याला घरी आलेला, त्याच्या कपड्यांना खळ नको? सदऱ्यांबरोबर रुमालही गेले. न धुता बघा, हे डॉक्टर सांगायचे राहिले. असं कोण सांगतं? आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ताप चढला, मान लाकडासारखी ताठ झाली. तेव्हा कुठे कुणीतरी विचारलं, रुमालाला खळ कुणी घातली?

जीपच्या मागच्या सीटवर सावित्रीने त्याला छातीशी टेकवून बसता धरला.

"भावजी, जोरात हाका. सकाळच्याला मुंबय गाठायची हाय."

"पोचवतो, वयनी."

हातखंब्याच्या अलीकडे रावजी गेला. भिकाजीने गाडी परत फिरवली.

रात्री एकला तो पुन्हा निघाला. एकटा. रावजीची बहीण काशी हातखंब्याहून उजवीकडे, पालीला दिलेली, तिला सांगावा द्यायचा होता.

कुवारबाव मागे पडलं. चांदणं होतं. रस्त्यावर कुत्रं नाही.

मागे... टप.

मागचा पाण्याचा कॅन गळत असेल. मग आठवलं, कॅन घरीच उतरवला होता.

टप... टप.

त्याने आरसा वर फिरवला. बघितलंच नाही.

"भिक्या..."

भिकाजीने गाडीचा वेग वाढवला.

"मघाशी परत का फिरवलीस?"

हातखंब्याचा नाका आला. एक ट्रक उभा. हॉटेल बंद.

"डावीकडं घे. मुंबय डावीकडं."

भिकाजीने ब्रेक दाबला.

"डाक्टर बुजवतो म्हणलाय. अजून टाईम हाय... घे ना रे."

काय करणार तो? घरी रावजीला अंगणात निजवलेला. भिकाजीनेच धरून उतरवला होता. डावीकडे न्यायचं कुणाला?

तो उजवीकडे वळला.

मागून शिवी आली नाही. हुंदका नाही. काशीच्या दारापर्यंत नुसतं... टप. टप.

काशीने हंबरडा फोडला. तिला बसवायला भिकाजीने बॅटरी मारली. सीट कोरडी ठणठणीत. पण एका बाजूला गादी खोल दबलेली, भारी माणूस बसल्यासारखी. काशी तिथे बसेना. पुढे भिकाजीच्या शेजारी बसली.

पुढच्या आठवड्यात भिकाजीने नवी गादी घातली. काथ्याची, घट्ट.

रिकामी जीप हातखंब्याला डावीकडे वळली, की मागची गादी हळूहळू दबायची.