ओळखतेस का यांना?

डर्बनच्या कॉलेजबाहेरच्या टपरीवर शेवटचाच बनी उरला होता. पोखरलेला पाव, त्यात काठोकाठ रस्सा... आणि हात मात्र दोन पुढे आले.

"माझा नंबर आधी होता," नोक्वाझी म्हणाली.

"असेल. पण भूक माझी मोठी आहे." लिंडानीने पाव फोडून मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "सगळं अर्धं-अर्धं. चालेल?"

"हा अर्धा?"

"डोळे तुझ्याकडे होते... अंदाज चुकला."

तिला चाललं. इतकं चाललं, की डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्याच्याशिवाय तिची संध्याकाळ सरेना. आधी तिने सर्जरी शिकायची, मूल मागून, आणि रात्रीची जागरणंही अर्धी-अर्धी, असं त्यानेच समुद्रावर बसून ठरवलं होतं.

खोलीतल्या मैत्रिणींचेही बेत पक्के होते. केर्शनीच्या आईने लग्नाला पंचविशीची मुदत दिली होती. पोरं आधी उरकते, नोकरी कुठे पळून जातेय, असं ती म्हणे. गोऱ्या आनेकेला मूल बत्तिशीनंतर हवं होतं. "सांभाळायला बाई ठेवायची, त्यात काय," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नोक्वाझीच्या आईचा जन्म गोऱ्यांची पोरं सांभाळण्यातच गेला होता. नोक्वाझी हसली. आपल्या मुलांना आई मिळेल आणि बापही, एवढा तिचा लिंडानीवर भरवसा होता.

पुढे एका पहाटे त्याचे काका तिला मागणी घालायला आले आणि रीतीप्रमाणे तिच्या घराच्या फाटकाशी उभे राहून तिच्या कुळाची नावं पुकारू लागले. तिच्या माणसांनीही रिवाजानुसार त्यांना ताटकळत ठेवलं, मग आत घेतलं. शेजारच्या खोलीत नोक्वाझी भिंतीला कान लावून हरखून ऐकत होती.

"पोरगी आधी नातू देईल," थोरले काका म्हणाले, "मग ती सर्जरी का काय ते. तयार आहे ती. लिंडानीनंच सांगितलंय."

तिने लगेच त्याला फोन लावला.

"आईला बरं वाटावं म्हणून गं... तू समजून घेशील, वाटलं."

"मला विचारलं असतंस, तर कदाचित... हो म्हणाले असते."

तेवढ्यात तिला बाहेर बोलावणं आलं. पाहुण्यांना ओळखतेस का, असं मुलीला विचारायची पद्धत होती. ती हो म्हणाली की सोयरीक पक्की. ती गुडघ्यांवर बसली. काकांचं हसू थेट लिंडानीचं होतं. तिला भडभडून आलं. प्रेम आटलं असतं, तर हे किती सोपं झालं असतं.

"बाळा, ओळखतेस का यांना?" मामांनी विचारलं.

"ओळखते असं वाटलं होतं, मामा," ती म्हणाली. "नाही ओळखत."