मधल्या हॉलमधली मोकळी जागा

लोक कसे चालतात हे बघण्याचा मला पगार मिळतो. भाऊजींना हे अजून पटलेलं नाही. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते "ही गर्दीत असते" एवढंच सांगतात आणि पुन्हा टीव्हीकडे वळतात. पण शहराच्या ऐन मध्यावरचं भुयारी मेट्रो स्टेशन आहे आमचं. वेगवेगळे मार्ग तिथे जमिनीखाली एकमेकांना छेदतात, आणि ऑफिसच्या वेळेला मुंगीला शिरायला जागा नसते. कुठला जिना चढायचा, कुठला उतरायचा, कठडा कुठे लावायचा, जाहिरातीचा फलक कुठून काढला की लोक रेंगाळणार नाहीत, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. ते मी ठरवते.

स्टेशन वाढवायचं काम निघालं तेव्हा वरच्या रस्त्याची एक बाजू खणली गेली. त्याच बाजूला ताईचं दुकान होतं, बॅगा दुरुस्तीचं. चेन बसवणे, पट्टे शिवणे, ट्रॉलीची चाकं बदलणे, असली कामं. ताई माझी थोरली बहीण, आणि मी तिच्याकडे आणि भाऊजींकडेच राहते, त्यामुळे दुकान गेल्यावर काय झालं ते मला रोज दिसत होतं. शिवणमशीन बेडरूमच्या खिडकीशी आलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या सासूच्या गुडघ्यांपर्यंत पोचणारी ताई, आता टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी वाद घालायला लागली. मग तोही घालेनाशी झाली. ते मला जास्त लागलं.

नव्या हॉलमध्ये जागा देऊ असा तिला शब्द मिळाला होता. हॉल झाला, बाकीच्यांना भिंतीतले गाळे मिळाले, आणि ताईच्या वाटणीचा गाळा आग विझवायच्या पंपांनी पटकावला. मी मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नाहीत, फक्त त्यांना सगळं झटपट लागतं.

"बहीण तुमची, गर्दी तुमची," ते म्हणाले. "प्रवाशांच्या पायात येणार नाही अशी जागा दाखवा, लगेच स्टॉल उभा करतो. नाहीतर विषय सोडून द्या."

पायात येणार नाही अशी जागा त्या हॉलमध्ये शोधायची म्हणजे ठासून भरलेल्या बॅगेत आणखी एक उशी कोंबायची, असं ताईच म्हणाली. तरी मी कॅमेऱ्यांच्या खोलीत जाऊन बसले. तिथे आमचे कॅमेरेवाले काका असतात. समोर भिंतभर पडदे, गालात लिमलेटची गोळी, आणि सगळ्या स्टेशनबद्दल एक सौम्य तुच्छता.

जागा मला पडद्यावर सापडली. मधल्या हॉलच्या जवळजवळ मधोमध. जिन्यांवरून गर्दी उतरायची, सरळ यायची, एका ठिकाणी दोन बाजूंना फाटायची आणि पुढे जाऊन परत एक व्हायची. मध्ये लांबट, मोकळी फरशी राहायची. तिथे खांब नव्हता, ओल नव्हती, पाटीही नव्हती.

"काका, हे कधीपासून चाललंय?"

"हॉल उघडल्यापासून," काका म्हणाले. "मला वाटलं तूच काहीतरी करून ठेवलंयस."

आम्ही बराच वेळ बघत बसलो, आणि खरं सांगते, करमणूक झाली. मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसं मान वर न करता वळत होती. गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेला एक जाडगेला गृहस्थ भर वेगात वळसा घालून गेला, तेव्हा काकांची गोळी गिळली जाता जाता राहिली. पांढरी काठी घेतलेले एक आजोबा आले. तेही वळले. पुढच्यांच्या पावलांच्या आवाजामागे गेले असतील, असं मी म्हणाले. काकांनी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन विचारलंच. पर्स सांभाळत निघालेल्या एका बाईंना थांबवलं. त्या तिथे का वळल्या?

"रांग होती ना," त्या म्हणाल्या. "रांगेच्या मधून कसं जायचं? बरं दिसतं का ते?"

मी मागे बघितलं. फरशी चकाकत होती. नंतर एका टायवाल्याला विचारलं. त्याने कानातला इअरफोन काढला, मान वळवून बघितलं आणि जरा गोंधळला. "आत्ता रांग होती तिथे," तो म्हणाला. "कसली होती हो?"

माणसं चालताना निम्मी झोपेत असतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एक वळला की दुसरा वळतो, मेंढरांचं काय वेगळं असतं? दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले. नव्या रंगाचा वास येत होता आणि खालून गाडीची घरघर तळपायांना जाणवत होती, बास. आमच्या इंजिनीअरने फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. "ही तुझ्यापेक्षा सरळ आहे," तो म्हणाला आणि गेला.

आता आमच्या कामातला अगदी पहिला धडा सांगते. लोक ज्या जागेवरून चालत नाहीत ती जागा वाया गेलेली. तिथे काहीतरी ठेवा. बाक ठेवा, कुंडी ठेवा, दुकान ठेवा. लोक का चालत नाहीत हे शोधत बसायचं, असं त्या धड्यात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी स्वतःलाच म्हटलं, उड्या मारत साहेबांकडे गेले, आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

स्टॉल छान झाला. पत्र्याचा, पिवळा, समोर फळी, मागे मांडणी. ताईने चेनची रिळं रंगांप्रमाणे लावली, मशीनला तेल दिलं, आणि केस रंगवून आली. त्या सकाळी तिचा चेहरा बघून मला रडू आलं. "रडतेस काय, गिऱ्हाइकं पळतील," ती म्हणाली आणि मला वर पिटाळलं.

वर येऊन मी पडद्यासमोर बसले. गर्दी आली, फाटली, पिवळ्या स्टॉलच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. एकानेही मान वळवली नाही. तुटका पट्टा हातात धरून चाललेली एक मुलगी दुकानावरून तशीच पुढे गेली. मी ताईला दुकान मिळवून दिलं होतं, ते नेमकं कुणी येणार नाही अशा ठिकाणी.

तेवढ्यात ताईने मान वर केली. हसली. फळीवरून हात पुढे केला, काहीतरी घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि मांडणीवर ठेवलं. मग पुन्हा हात पुढे केला.

काकांनी तो पडदा मोठा केला. गोळी चघळणं थांबवलं. मग म्हणाले, "कॅमेरा नवा आहे. बसेपर्यंत असं होतं." आणि पडदा पुन्हा लहान करून टाकला.

संध्याकाळी ताई गुणगुणत घरी आली. "अगं, मान वर करायला फुरसत नाही," ती म्हणाली. भाऊजींनी टीव्ही चक्क बंद केला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं. मी काही विचारलं नाही. विचारून करणार काय होते? ताई खूश होती.

पण पुढच्या दुपारी मी दुकानात गेलेच. मांडणी बॅगांनी गच्च भरली होती. राखाडी, तपकिरी, जुन्या घाटाच्या, खऱ्याखुऱ्या. मी एक उचलली. हलकी लागली.

"रिकामी आहे," ताई म्हणाली. तिच्या दातांत सुई होती. "सगळ्या रिकाम्या. आणि सगळ्यांचं एकच काम. चेन आतूनही लावता यायला हवी."

"आतून कशाला?"

"मी कशाला विचारू? फॅशन असेल."

"माणसं कशी आहेत ताई? दिसायला?"

ती थांबली. सुई हातात घेतली. "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कोण बघतं गं, मी बॅग बघते," ती म्हणाली. "पण शांत आहेत बिचारी. घाई नाही, घासाघीस नाही. फक्त दमलेली असतात. उभं राहून राहून. कधी कधी वाटतं, म्हणावं, बसा हो जरा. पण इथे बसवू कुठे?"

मी निघाले तेव्हा ती फळीपलीकडे बघून म्हणाली, "आलेच हं. बहीण आहे माझी."

त्यानंतर मोकळी जागा वाढायला लागली. रोज थोडी. स्टॉलपासून निघून ती खांबाला वळसा घालून तिकीट यंत्रांपर्यंत गेली, मग मागे वळून जिन्याच्या पायथ्याशी टेकली. लोक भिंतीला घासून, एकमेकांची माफी मागत, उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून जायचे. मधोमध एवढी फरशी मोकळी, आणि जिन्यावर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आलेली. पडद्यावर तो आकार स्पष्ट दिसायचा. रांगेचाच होता तो.

शेवटी साहेबांनी बोलावलं. "तुमच्या त्या स्टॉलने हॉल अडवलाय," ते म्हणाले. "उद्या काढतो. सॉरी."

मी ताईला सांगायला खाली गेले. ऑफिसं सुटायला अजून वेळ होता. हॉलमध्ये तुरळक माणसं होती, आणि समोर पिवळा स्टॉल. मी सरळ चालत गेले आणि तिकीट यंत्रांपाशी पोचले.

वळून पुन्हा निघाले. या वेळी नजर ताईवरून हलवली नाही. ताईने हात केला. मी तिच्याकडे बघत बघत तिच्या बाजूने निघून गेले.

मोबाइल वाजला. काका होते. "काय चाललंय तुझं? सरळ जा ना."

"जातेय," मी म्हणाले.

तिसऱ्यांदा मी प्रयत्नच केला नाही. लांबूनच हाक मारली. ताई पदर खोचत हसत बाहेर आली, अगदी सहज, आणि तिने माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता. माझा जीव भांड्यात पडला.

मी तिला सगळं सांगितलं. उद्या स्टॉल निघणार, आत्ताच घरी चल. तिचा चेहरा पडला. दुकान दुसऱ्यांदा जात होतं. तिने मागे बघितलं, बराच वेळ.

"एवढ्या जणांना ताटकळत ठेवून?" ती म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. ती परत गेली, फळीवर वाकून हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि शटर ओढलं. आली ती पुन्हा हसतच.

"सोडवलं," ती म्हणाली. "चल."

जिन्यावर ऑफिसची गर्दी उतरायला लागली होती. आम्हाला बघून ती दोन्ही बाजूंना झाली. "बघ, किती सुधारलेत लोक," ताई म्हणाली.

मी वरून मागे वळून पाहिलं. आम्ही चढून आलो तरी वाट मिटली नव्हती. तळापर्यंत उघडीच होती.

रस्त्यावरही तसंच झालं. समोरून येणारे फुटपाथवरून खाली उतरून जात होते, आणि आम्ही पुढे गेल्यावरही खालीच चालत राहत होते.

आमच्या इमारतीच्या दाराशी काकांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. "अगं, हॉल मोकळा झाला. लोक सरळ चालतायत. आणि तुझ्या ताईच्या शटरसमोर माणसं उभी आहेत, खरीखुरी, चेन बसवून मिळेल का विचारतायत. साहेबांनी बघितलं. म्हणाले, राहू दे स्टॉल."

मी ताईला मिठीच मारली. दुकान राहिलं होतं. "उद्या बघू," ती म्हणाली. "आज घरचंच काम खूप आहे."

आम्ही जिना चढलो. ताईने दार उघडलं आणि हाताने धरून ठेवलं. मी आत गेले तरी धरून ठेवलं.

भाऊजी खुर्चीत टीव्ही बघत होते. नजर न हलवता त्यांनी पाय आखडून घेतले. मग खुर्ची जरा मागे सरकवली. मग उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, रिमोट छातीशी धरून. बातम्या चालूच होत्या.

"ताई, दार लाव," मी म्हणाले.

"लावते गं," ताई म्हणाली. ती जिन्यातून खाली बघत होती, कौतुकाने. "अर्धेच तर आलेत."