परक्या घरून आणलेले काचघर

ही हकीकत अक्षरशः खरी आहे. ज्यांना हसावयाचे त्यांनी खुशाल हसावे. परंतु इंग्लंडातील टॉडमॉर्डन गावी हॉल्डन दांपत्याच्या घराला लागूनच माझे घर आहे, आणि ते काचघर माझ्या खिडकीतून आजही दिसते.

वर्ष दोन हजार अकरा. नोव्हेंबरची तेवीस तारीख. दुपारी साडेतीनचा सुमार.

तथापि प्रारंभ त्यापूर्वीचा आहे.

विल्फ हॉल्डन यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

चौदा महिने एक शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, "यांना उजेडात बसवा. बाग दिसू द्या, पाखरं दिसू द्या."

त्यांच्या पत्नी ग्लेनिसबाई यांची इच्छा एकच होती. विल्फने जाण्यापूर्वी आपल्याला एकदा नावाने हाक मारावी.

म्हणून घराच्या मागे, भिंतीला लागून, बसण्यासाठी काचेच्या भिंतींची खोली म्हणजे काचघर उभारण्याचे ठरले.

विल्फची बहीण एडना खवचटपणे म्हणाली, "काचेत बसणार? लोक तिकीट काढून बघायला येतील तुला, ग्लेनिस!"

"येऊ देत की. चहा तेवढा घरून आणा म्हणावं."

ग्लेनिसबाईंनी पुस्तिका चाळल्या. कौलारू छपराचे एक मनात भरलेही. परंतु नवे काचघर जूनपूर्वी मिळणार नव्हते, आणि विल्फ जून पाहतील याची शाश्वती कोण देणार?

तेवढ्यात जाहिरात दिसली. जुने काचघर, सुस्थितीत, स्वतः सुटे करून न्यावे.

विकणारी बाई प्रौढ होती, अबोल होती. का विकता, हे ग्लेनिसबाईंनी विचारले नाही. तसे विचारणे आमच्याकडे शिष्टाचारास धरून नाही.

लेन नावाच्या कारागिराने तावदाने उतरवून गाडीत चढवली. गाडी निघाली तेव्हा ती बाई हिरवळीवर उभी होती.

"जपून जा हं," ती म्हणाली.

मात्र ग्लेनिसबाईंकडे पाहून नव्हे... गाडीतल्या काचांकडे पाहून.

आठवड्यात काचघर उभे राहिले. विल्फची खुर्ची आत गेली.

तेवीस तारखेस पाऊस आला. काचेच्या छपरावर असा ताशा वाजू लागला की बोललेले ऐकू येईना. ग्लेनिसबाई पडदा सारण्यास डाव्या कोपऱ्यात गेल्या, आणि...

आवाज थांबला.

त्यांनी वर पाहिले. थेंब आपटत होते, फुटत होते, ओघळत होते.

आवाज नव्हता.

एक पाऊल मागे घेतले. पुन्हा ताशा.

त्याच कोपऱ्यातील काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढी. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. त्यांनी ती पुसली.

वाफ पुन्हा धरली... विरली... पुन्हा धरली.

श्वासासारखी.

कोपऱ्यात तर काहीच नव्हते. खुर्चीदेखील नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेनला बोलावून घेतले.

"काढून टाक हे. आत्ताच्या आत्ता."

"अहो बाई, मागच्या आठवड्यात तर तुम्ही मला केक खाऊ घातलात! कुठं गळतंय का?"

"गळत नाही. तू काढ."

लेनने खांदे उडवले. "बरं. साहेबांना तेवढं बाहेर आणा. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर उतरवलं तर माझी बायको मला घरात घेणार नाही."

ग्लेनिसबाई खुर्ची आणण्यास गेल्या. दारापाशी पोहोचल्या, आणि थांबल्या.

आत कोणी बोलत होते.

विल्फ!

चौदा महिन्यांनी तोच जाड, मिस्कील स्वर. ते मालगाडीवर नोकरीस होते तेव्हाची कसलीशी गंमत सांगत होते. मध्येच थांबत होते, कोणी उत्तर देत असल्यासारखे. मग हसत होते.

तोंड त्या कोपऱ्याकडे होते.

ग्लेनिसबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दार ढकलले.

"विल्फ! अरे, बोललास तू!"

विल्फ थांबले. हळूहळू मान वळवून त्यांनी पत्नीकडे पाहिले. एखादी अनोळखी बाई मध्येच आत शिरावी तसे. मग कोपऱ्याकडे वळून ते खालच्या आवाजात म्हणाले,

"ही आलीय... आपण नंतर बोलू."

त्यानंतर त्यांचे ओठ मिटले. ग्लेनिसबाईंनी गुडघ्यांवर बसून, हात धरून किती विनवले. एक शब्द नाही.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. लेन शिडी लावून उभा होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आवाज तरी ऐकू येतो त्याचा."

जून आला आणि गेला. विल्फ आहेत. प्रकृती सुधारते आहे, असे डॉक्टर म्हणतात. पत्नीचे नाव अद्याप त्यांनी घेतलेले नाही.

ग्लेनिसबाई आता स्वतःच्याच घरातील त्या दारावर टकटक करतात, आणि आतून होकार येईपर्यंत चहाचा कप घेऊन थांबतात. एकदा मीही त्यांच्यामागे उभा होतो.

होकार आला...

आवाज विल्फचा नव्हता.